हात लावला की पुसलं

मी खोटं बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. माझ्या तोंडाला लगाम नाही, रागाला वेळकाळ नाही, हे सगळं कबूल. पण खोटं मी बोलत नाही. गेल्या सप्टेंबरात मला एक प्रश्न विचारला गेला आणि मला जे वाटलं ते मी सांगितलं. त्यापायी माझा सख्खा भाऊ वर्षभर मैदानाबाहेर बसला.

आमचा पेंटबॉलचा खेळ तसा सरळ आहे. रंगाची गोळी अंगावर फुटली की तुम्ही बाद. नुसती आपटून खाली पडली तर खेळत राहायचं. आता पाठीवर नाहीतर कमरेवर फटका बसला तर फुटली की नाही ते आपल्याला दिसत नाही, म्हणून पंचाला हाक मारायची. तो धावत येऊन बघतो. आपण स्वतः चाचपायचं नाही. हात लावला आणि रंग फिसकटला, की ते पुसणं झालं. एक वेळ शेजाऱ्याची बायको पळवलीत तरी आमच्याकडचे लोक दोन रविवारांनी तुमच्याशी बोलायला लागतील. पुसलंत तर नाही.

कुणी पुसलं की पंच त्याच्या सर्वांत जवळच्या साथीदाराला विचारतो, हात गेल्याचं त्याला कळलं होतं का, म्हणजे मुद्दाम पुसलं का? साथीदार ‘नाही’ म्हणाला तर पुसणारा बाद, त्याच्याबरोबर आणखी एक गडी बाद, विषय संपला. ‘हो’ म्हणाला तर वर्षभर बंदी. आणि दुसऱ्यांदा ‘हो’ आलं की कायमची. आमचं मैदान गाईंचं कुरण होतं आणि आठ-दहा जण खेळायचे, तेव्हापासूनची ही पद्धत आहे. साथीदार सहसा ‘नाही’च म्हणतो. म्हणूनच ‘हो’ आलं की त्यावर कुणी शंका घेत नाही.

त्या दिवशी एमिलच्या उजव्या कमरेवर गोळी फुटली, त्याचा हात तिथे गेला आणि पंच गस टॉमकोने झेंडा फेकला. मी दहा फुटांवर होते. एमिल घसा फोडून सांगत होता की मला कळलंच नाही, हात आपोआप गेला. मला त्याचा संताप आला. एकोणीस वर्षं मी या मैदानावर मार खातेय. बरगड्यांवर, मांड्यांवर, एकदा तर थेट गळ्यावर. माझा हात कधी गेला नाही. स्वतःचा हात कुठे जातो हे माणसाला कळत नाही म्हणजे काय? गसने मला विचारलं आणि मी ‘हो’ म्हटलं.

एमिल माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ब्रेडची गाडी चालवतो, पहाटे तीनला उठतो, आणि रविवारच्या या खेळाखेरीज त्याला दुसरं जग नाही. बायको गेली सोडून, मूलबाळ नाही, चर्चमध्ये झोप लागते. मैदान गेलं तेव्हा त्याचं काय झालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला लोक ‘पुसऱ्या’ म्हणायला लागले. क्लेटन बीमर म्हणून एक आगाऊ माणूस आहे, त्याने एमिलच्या गाडीच्या धुळीत बोटाने तो शब्द लिहिला, आणि एमिल तो शब्द घेऊन अकरा दुकानं फिरला, त्याला कळलंही नाही. ख्रिसमसला आईकडे तो माझ्यासमोर बसला आणि अख्ख्या जेवणात माझ्याशी दोन शब्द बोलला. मीठ दे.

मार्चमध्ये तो माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. मी ट्रेलरच्या कारखान्यात वेल्डिंग करते, नुकतीच घरी आले होते, हात धुतले नव्हते. त्याने माफी मागितली नाही, मीही नाही.

‘‘सप्टेंबरात बंदी संपते,’’ तो म्हणाला. ‘‘काहीही झालं तरी हात गनवरून सुटता कामा नये. शिकव मला.’’

शिकवलं. माझ्या पद्धतीने शिकवलं, म्हणजे शिव्या घालत. गॅरेजमध्ये जुना पाण्याचा बंब पडला होता, तो उभा केला. तोच आमचा आडोसा. आडोशाला चिकटायचं नाही, हातभर मागे राहायचं, नाहीतर गनचं नळकांडं बाहेर डोकावतं आणि समोरच्याला फुकट खबर मिळते. गुडघा आत. पायाचा चवडा आत. कोपर पोटाशी, कोंबडीच्या पंखासारखं बाहेर काढलंस तर मीच मोडीन. डाव्या बाजूने मारायचं असेल तर गन डाव्या हातात घ्यायची, नाहीतर अर्धं अंग उघडं पडतं. पाय हलवायचे नाहीत, कमरेतून कलायचं, एक डोळा आणि नळकांडं एवढंच बाहेर, दोन गोळ्या, आत. पुन्हा त्याच उंचीवरून बाहेर यायचं नाही.

हे त्याला येत होतंच. खरं काम होतं हाताचं. तो बंबामागे बसला की मी बाजूला उभी राहून टेनिसचे बॉल त्याच्या कमरेवर मारायचे. जोरात मारायचे. पहिल्या आठवड्यात दर खेपेला त्याचा उजवा हात सुटला आणि दर खेपेला तो माझ्याकडे बघून म्हणाला, सुटला का? मला वाटायचं नाटक करतोय. जून उजाडेपर्यंत हात सुटायचा थांबला. फटका बसला की तो गन अजून घट्ट धरायचा आणि ‘बघा!’ म्हणून ओरडायचा. माझ्या शेजारणीने दोनदा विचारलं की तुमच्याकडे नक्की चाललंय काय.

आणि मग या सप्टेंबरचा पहिला रविवार. बंद पडलेल्या कोळशाच्या कारखान्यामागचं आमचं मैदान, ऊन असं की मास्कच्या आत घामाचं तळं. अशा उन्हात गोळ्या मऊ पडतात. अंगावर आपटतात पण धड फुटत नाहीत, आणि न फुटलेली गोळी फुटलेल्या गोळीपेक्षा जास्त झोंबते. मी सकाळपासून त्याच धास्तीत होते. एमिलला आज फटके बसणार, पुष्कळ बसणार, आणि त्यातल्या एकालाही त्याचा हात गेला तर जवळच्या साथीदाराला विचारणार. आता कुणीही ‘नाही’ म्हणालं तरी लोकांनी ते मानलं नसतं. एकदा पुसलेला माणूस दुसऱ्यांदा चुकून पुसत नाही, असं सगळे धरून चालतात. त्याचं नाव कायमचं गेलं असतं.

कुंपणाच्या जाळीबाहेर माणसं उभी होती. नेहमीपेक्षा जास्तच. पुसऱ्या परत आलाय, हे बघायला आली होती, दुसरं काय. क्लेटन समोरच्या संघात होता. शिट्टीआधी त्याने एमिलला विचारलं की रुमाल आणलायस का. एमिलने नुसता मास्क चढवला. मी मात्र बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उपांत्य सामना. चार-चार गुणांवर बरोबरी. शेवटचा डाव, पाच विरुद्ध पाच. शिट्टी झाली आणि पहिल्याच धावेत आमचे दोघं गेले, त्यांचा एक गेला. मी डावीकडच्या पिंपामागे पोचले. पिंप म्हणजे हवा भरलेला उभा गोल आडोसा, पुरुषभर उंच. एमिल माझ्या उजव्या अंगाला, पंधरा फुटांवर, विटेमागे. ती वीट म्हणजे बुटका चौकोनी फुगा, तिच्यामागे गुडघ्यावर बसलं तरी डोकं वर राहतं, म्हणून माणसाला स्वतःची घडी घालावी लागते. एमिल धिप्पाड आहे. तो तिथे कसा मावला हे मला आजही सांगता येणार नाही.

मग आमचा तिसराही गेला. त्याने जाता जाता त्यांच्या दोघांना नेलं, एवढं बरं केलं. आता आम्ही दोघं, ते दोघं. क्लेटन मधल्या मोठ्या आडोशामागे आणि त्यांचा दुसरा गडी उजव्या कोपऱ्यात, एमिलच्या सरळ समोर. गोळ्या विटेवर अशा तडतडत होत्या की फुगा थरथरत होता. मी मारायला हवं होतं. मी एमिलकडे बघत होते. एमिलकडे म्हणजे एमिलच्या उजव्या हाताकडे.

तेवढ्यात तो फटका बसला. मला आवाज आला. सुकी थाप, फुटल्याचा ओला आवाज नव्हे, पण खात्री कशी देणार? बरोबर कमरेवर, गेल्या वर्षीच्याच बाजूला. एमिल कळवळला, त्याचे खांदे गोळा झाले. हात सोडू नकोस, गाढवा, हात सोडू नकोस, असं मी मास्कच्या आत पुटपुटत होते.

हात सुटला नाही. त्याने गन छातीशी आवळली आणि ‘बघा!’ म्हणून ओरडला. गस धावत आला, वाकला, शर्ट बघितला, दोन्ही हात आडवे झटकले. कोरडं. खेळ चालू.

जाळीबाहेर कुणीतरी शिट्टी मारली, कौतुकाची होती. मला रडू फुटायचं बाकी होतं. आणि एमिलने काय करावं? पुढच्याच क्षणी तो विटेच्या दुसऱ्या बाजूने, एकदम जमिनीलगत बाहेर आला, दोन गोळ्या, आत. कोपऱ्यातला गडी मास्कवर हिरवा रंग घेऊन हात वर करून चालता झाला. गॅरेजमधल्या दोनशे खेपांपैकी एकही खेप इतकी नीट झाली नव्हती.

आता आम्ही दोघं आणि क्लेटन एकटा. जिंकल्यात जमा. एकाने क्लेटनला आत दाबून ठेवायचं, दुसऱ्याने फिरून बाजूने जायचं. मी एमिलला ओरडून सांगितलं की तू जा, मी धरते. मी गन डाव्या हातात घेतली आणि पिंपाच्या डाव्या बाजूने मारायला लागले. एमिल विटेमागून सुटला. आणि मी, एकोणीस वर्षांची जुनी खेळाडू, सगळ्यांना गुडघा आत घ्यायला शिकवणारी, मारता मारता मान वळवून पुन्हा त्याच्या हाताकडे बघायला लागले. धावताना एखादी गोळी लागली तर? मान वळली तशी कंबर दुसरीकडे गेली. वीतभर गेली असेल. क्लेटनला वीतभर पुष्कळ होतं.

कमरेच्या हाडावर सणसणीत फटका बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी दात आवळले आणि मारत राहिले. तीन सेकंद, चार सेकंद. मला एवढंच वाटलं की फुटली नसावी, फुटलेली इतकी झोंबत नाही, आणि मी पंचाला हाक मारायला तोंड उघडलं.

त्याआधीच झेंडा माझ्या पायाशी पडला होता.

मी भडकले. नेहमीसारखी भडकले. मास्क न काढताच मी गसला विचारलं की हे काय चालवलंय, मी हाक मारतच होते, एवढी घाई कसली? तो म्हणाला की तुझा हात गेला. मी म्हटलं, गस, तुमचे डोळे तपासून घ्या, माझे दोन्ही हात गनवर होते. तो म्हणाला, गेला. मी म्हटलं, नाही गेला. माझा आवाज जाळीबाहेरपर्यंत जात होता. मी आईची शपथ घेतली. मी म्हटलं की मी हात लावलेलाच नाही, लावला असता तर मला कळलं नसतं का?

गस सत्तरीला आलेला माणूस, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, आवाज चढवत नाही. त्याने फक्त माझ्या उजव्या हाताकडे बोट केलं.

माझा हातमोजा पिवळा होता. तळवा, चारही बोटं, अंगठ्याच्या फटीपर्यंत. क्लेटनचा संघ पिवळा रंग वापरतो. मी खाली बघितलं तर कमरेपासून मांडीपर्यंत रंगाचा फराटा ओढलेला होता. मी तो ओढला होता. दुसरं कोण ओढणार? आणि देवाशपथ सांगते, तो हात केव्हा गेला आणि केव्हा परत आला, मला आजतागायत आठवत नाही.

मी गन खाली केली. पलीकडून एमिल थांबून आमच्याकडे बघत होता. त्याच्या अंगावर रंगाचा ठिपका नव्हता. मी पुसलं म्हणून आता तोही बाद. क्लेटन आडोशामागून बाहेर आला आणि चालत जाऊन आमच्या टोकाचं, गुण घ्यायला दाबायचं ते बटण दाबून आला, धावायची गरज नव्हतीच. सामना संपला.

पण गसचं काम संपलं नव्हतं. त्याने खिशातून पुसल्याची नोंद करायचा कागद काढला, त्यावर माझं नाव लिहिलं आणि एमिलला जवळ बोलावलं. मैदानावर माझा दुसरा साथीदार उरलाच नव्हता. एमिलने मास्क काढला. त्याचा चेहरा लालबुंद होता, केस कपाळाला चिकटलेले. क्लेटनही येऊन उभा राहिला, मजा बघायला. मी एमिलकडे बघू शकत नव्हते. त्याच्या तोंडून ‘हो’ आलं असतं तर मी काय म्हणणार होते? माझी गाऱ्हाणी ऐकायला कोण बसलं होतं? एकोणीस वर्षं माझं नाव स्वच्छ होतं आणि ते आता त्या ब्रेडवाल्याच्या जिभेवर होतं.

‘‘एमिल,’’ गस म्हणाला, ‘‘तिला कळलं होतं का?’’

एमिलने माझ्या हातमोज्याकडे बघितलं. सूड घ्यायचा तर यापेक्षा चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती, आणि त्याने घेतला असता तर मी त्याला दोष दिला नसता. नाही, खोटं कशाला बोलू, दिला असता. तेव्हाही दिला असता.

‘‘नाही,’’ तो म्हणाला.

गसने कागदावर लिहिलं. क्लेटन काहीतरी पुटपुटला, बहीण-भाऊ, घरचा मामला, असलं काही. एमिल त्याच्याकडे वळलाही नाही. तो मैदानाबाहेर चालू लागला.

मी गसला धरलं. गेल्या वर्षीचा एमिलचा कागद काढा म्हटलं, त्यावरचं माझं ‘हो’ खोडा. गस म्हणाला की खोडून काय होणार, बंदी तर भोगून झाली. मी म्हटलं, तरी खोडा. तो म्हणाला की साथीदाराचा शब्द एकदा दिला की दिला, माघारी घ्यायचा रकानाच कागदावर नाही. तो माझ्यावर रागावलेला नव्हता. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

एमिल गाड्यांपाशी होता, गनमधली हवा सोडत होता. मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं तो काहीतरी टोमणा मारेल. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला टोमण्यांना उत्तरं देता येतात.

‘‘हात गेलेला कळत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हे मला माहीत आहे, म्हणून मी ‘नाही’ म्हटलं. तू ‘हो’ म्हटलंस, तेव्हा तुला काय माहीत होतं?’’

तो भांडत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्षभर त्याच्या मनात हा एकच प्रश्न असावा, पहाटे तीनला गाडी काढताना, दुकानांत ब्रेड लावताना, माझ्या गॅरेजमध्ये बंबामागे बसून मार खाताना. आणि मी उन्हात तशीच उभी, हातमोजा अजून काढलेला नाही. सांगायला माझ्याकडे कारणं होती. राग होता, एकोणीस वर्षं होती, माझा हात कधी गेला नाही ही घमेंड होती. त्यातलं एकही उत्तर नव्हतं.

‘‘काहीच नाही,’’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि गनचा पट्टा गुंडाळायला घेतला. पलीकडे जेवणाच्या टेबलापाशी सगळे संघ रांगेत उभे होते, हातात कागदी ताटल्या, चाळीसेक माणसं असतील. मी तिकडे चालू लागले. कंबर ठणकत होती. क्लेटन रांगेत तिसरा होता, त्याने मला येताना बघितलं आणि हसू दाबलं. मी रांगेच्या अगदी पुढे जाऊन सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. पिवळा हात वर धरला आणि बोलायला सुरुवात केली.